एकीचं माप, दोघींचं काम

माझ्या मावशीला खोटं बोलता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यावरून हॉस्पिटलातल्या निम्म्या लोकांना वाटलं, ही बाई पक्की बनेल आहे. मावशी आणि बनेल! नवा कोट घालून आरशासमोर उभं राहून गिऱ्हाइकानं "कसा दिसतोय?" म्हणून विचारलं, की ती म्हणते, "कोट छान दिसतोय." माणसाबद्दल ती काहीच बोलत नाही, कारण बोलली तर खरं बोलावं लागेल.

मावशी आणि माझी आई सख्ख्या बहिणी. किल्ल्या करून देणाऱ्याच्या शेजारी त्यांचं शिवणाचं दुकान आहे. काचेचं दार, आत कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीशी दोन मशीन, कोपऱ्यात ट्रायलसाठी लावलेला पडदा. मावशी बेतायची, आई शिवायची. कोट, पँट, शाळेचे गणवेश, सैल झालेलं आवळणं, आवळलेलं सैल करणं, सगळं. माझे वडील मी लहान असतानाच गेले आणि मावशीनं लग्नाच्या भानगडीत पडायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे मी दोघींनी मिळून वाढवलेली. आई रागवायची, मावशी समजूत घालायची. मी आईवर गेले. आता मी ड्रायव्हिंग शिकवते आणि माझा आवाज चौकापलीकडे ऐकू येतो, असं माझे विद्यार्थी सांगतात.

ह्या दोघी दिसायला बऱ्याच सारख्या आणि अंगकाठीनं तर तंतोतंत एक. खांद्याची रुंदी, बाहीची लांबी, कंबर, काही म्हणजे काही वेगळं नाही. दुसऱ्यांचे कपडे शिवता शिवता स्वतःच्या कपड्यांना वेळ कुठला मिळतो? मग जिचे हात रिकामे असतील ती टेपसमोर उभी राहायची. एकीचं माप घेतलं की दोघींचं झालं. ट्रायलही एकीनंच द्यायची. चपला घ्यायला एकच जायची आणि दोन जोड घेऊन यायची. शिवणाऱ्यांच्या घरातली ही सोय मला कधी विचित्र वाटली नाही, आणि ह्याच सोयीनं पुढे माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

आईचं विसरणं आधी कपड्यांत दिसलं. तिनं एका कोटाची डावी बाही उजव्या खांद्याला लावली. मग एका शर्टाच्या दोन्ही पट्ट्यांवर काजंच करून ठेवली, बटण लावायला जागाच नाही. गिऱ्हाईक हसलं, मावशीही हसली, आणि आई पडद्यामागे जाऊन उभी राहिली ती बराच वेळ बाहेरच येईना. डॉक्टरांनी अल्झायमरचं नाव घेतलं तोपर्यंत मावशीला सगळं कळून चुकलं होतं. आता आई मला गिऱ्हाईक समजते. मी दुकानात शिरले की मान वर करून म्हणते, "बाई, तुमचं काम उद्या नक्की होईल हां." रोज उद्या. कधी कधी माझं डोकं सटकतं आणि मी "आई, अगं मी आहे!" म्हणून ओरडते. मग ती घाबरून मावशीकडे बघते.

मावशीला मात्र ती ओळखते. वार गेले, महिने गेले, घराचा रस्ता गेला, पण "ताई" हा शब्द तिच्यापाशी शाबूत आहे. आणि मावशी तिला जशी सांभाळते, ते बघायला लोकांनी रांग लावायला हवी. आई आंघोळीला गेली की मावशी तिनं आदल्या दिवशी शिवलेली झालर अलगद उसवून ठेवते, म्हणजे आज पुन्हा आईच्या हाताला काम. आईचा हात अजून सरळ चालतो. "बघ छोटे, टाका कसा एका रेषेत आलाय," असं मावशी रोज म्हणते, आणि ते खरंच असतं. मावशी आहे तोवर आईचं जग उभं आहे. तिला काही झालं तर आईनं कुणाच्या आवाजावर भरवसा ठेवायचा? माझा जीव त्या एकाच प्रश्नात अडकलेला असायचा.

मोठ्या हॉस्पिटलात एक डॉक्टरबाई ह्याच आजारावर संशोधन करत होत्या. फार उंच, आणि दार कितीही मोठं असलं तरी आत येताना डोकं खाली घालणाऱ्या. त्यांना अशी भावंडं हवी होती की ज्यातलं एक विसरायला लागलंय आणि दुसरं त्याच वयाच्या आसपास असूनही ठणठणीत आहे. आईच्या डॉक्टरांनी आमचं नाव सुचवलं. पहिल्या भेटीत त्यांनी मावशीला समोर बसवून सगळं नीट समजावलं. म्हातारपणी पुष्कळांच्या मेंदूत एका प्रथिनाचा चिकट साका जमतो. काहींचं त्यापायी विसरणं सुरू होतं. पण काही माणसं अशी निघतात, की साका तेवढाच, कधी जास्तच, आणि तरी माणूस आपला हिशोबात, गप्पांत, कामात जसाच्या तसा. हा फरक कशानं पडतो? त्याचा काही भाग जनुकांत लिहिलेला असावा, आणि कुठल्या जनुकात काय वेगळं आहे ते त्या शोधत होत्या.

"म्हणजे डाग तोच, पण एका कापडावर दिसतो आणि एकावर दिसत नाही," मावशी म्हणाली.

"हो. आणि न दिसणारं कापड कशाचं विणलंय, ते मला बघायचंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. मला तिथेच ती बाई आवडली. मला सहसा कुणी आवडत नाही.

दोघींचं रक्त घेतलं. आईनं मावशीचा हात धरून निमूट सुई टोचून घेतली. मग मेंदूचे फोटो काढायचे होते. शिरेतून एक औषध देतात, ते त्या साक्याला जाऊन चिकटतं, आणि मशीनमध्ये झोपलं की फोटोत तेवढा भाग उजळून दिसतो. मावशीचा दिवस आधी ठरला, आईचा नंतर. दोन्ही वेळा मी त्यांना हॉस्पिटलच्या दारात सोडलं आणि शिकवणीला पळाले. घरी येताना मावशीला विचारलं, "झालं का सगळं?" ती म्हणाली, "झालं." आणि खरंच झालं होतं.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. आमच्याकडून काहीतरी घोळ झालाय, मावशींचा फोटो पुन्हा काढावा लागेल, फार वाईट वाटतं, वगैरे. मी लगेच आवाज चढवला. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात साधे फोटो सांभाळता येत नाहीत? बिचाऱ्या ऐकून घेत राहिल्या. शेवटी मी दोघींना घेऊन गेले. आईला एका परिचारिकेजवळ, हातात झालर आणि सुईदोरा देऊन बसवलं, आणि आम्ही आत गेलो.

डॉक्टरबाईंनी कॉम्प्युटरवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "मावशी, हे दोन्ही फोटो एकाच बाईचे आहेत. तुमचा कुठेतरी हरवला आणि तुमच्या बहिणीचाच दोनदा जमा झाला. हे बघा, दोन्हींत ह्याच वरच्या दाढेत चांदी भरलेली आहे."

मावशीनं चष्मा वर सरकवून फोटोकडे बघितलं. मग गालात बोट घालून मागची दाढ चाचपली. "चांदी माझ्या दाढेत आहे," ती म्हणाली. "छोटीला वरची अख्खी कवळी आहे."

डॉक्टरबाईंनी फोटोवरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. मावशीला वाटलं, आपण बरोबर उत्तर दिलं, आता पुढचा प्रश्न येईल.

"मावशी," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या, "तुमच्या बहिणीच्या दिवशी मशीनमध्ये कोण गेलं होतं?"

"मीच की. ती ते बोगद्यासारखं तोंड बघून रडायला लागली. कशाला तिचे हाल करायचे? म्हटलं, मी जाते."

"पण जन्मतारीख विचारली असेल ना तुम्हाला?"

"तिची विचारली, तिची सांगितली. पेशंट तीच. माप तेवढं माझं दिलं." मावशीला ह्यात लपवण्यासारखं काही दिसतच नव्हतं. "अहो, एका आईच्या पोटच्या आम्ही. शितावरून भाताची परीक्षा करतातच ना? आम्ही जन्मभर असंच केलंय."

मी कपाळाला हात लावला. डॉक्टरबाईंना आधी हसू फुटलं. मेंदूचा फोटो म्हणजे बाहीचं माप नव्हे, हे त्यांनी हसत हसतच सांगितलं, आणि ते औषध उगाच दुसऱ्यांदा टोचून घेतल्याबद्दल मावशीला चांगलं दरडावलंही. बोलता बोलता त्यांची नजर पुन्हा त्या दोन फोटोंकडे गेली, आणि हसू जागच्या जागी थांबलं. दोन्ही फोटोंत मेंदू कडेकडेनं उजळलेला होता. तोवर तो आईचा म्हणून कुणाला त्यात नवल वाटलं नव्हतं.

माझी ट्यूब पेटायला वेळ लागत नाही. मी डॉक्टरबाईंना दंडाला धरूनच बाहेर काढलं.

"ते तिच्या डोक्यात आहे?"

"मी आधी त्यांच्याशी बोलायला हवं," त्या म्हणाल्या.

"अजिबात नाही. तिला सांगायचं नाही. एक गेली, आता दुसरीलाही तुम्ही सांगणार की तुझ्याही डोक्यात तेच भरलंय? ती खचली तर माझ्या आईनं कुणाकडे बघायचं? मी सांगते तुम्हाला, एक शब्द जरी बोललात ना..."

"बाळा," आतून मावशीचा आवाज आला, "तू कुजबुजलीस तरी तीन खोल्यांत ऐकू जातं. आत या दोघी."

आम्ही आत गेलो. मावशी हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती. "सांगा," ती डॉक्टरबाईंना म्हणाली. "माझंच डोकं आहे. मला कळायला हवं."

डॉक्टरबाई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या, इतक्या जवळ की गुडघ्याला गुडघा लागत होता. त्यांनी काही लपवलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. मावशीच्या मेंदूत साका भरपूर होता. नुसता फोटो हातात दिला असता, तर ही बाई कधीच विसरायला लागली असेल असं त्यांनी म्हटलं असतं. आणि समोर तर मावशी बसली होती, जिला दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा कुठला खांदा खाली आहे ते तोंडपाठ. तिच्या रक्तात एका जनुकात एक छोटासा, क्वचित दिसणारा बदल सापडला होता. आईच्या रक्तात तो नव्हता. फोटोंच्या घोटाळ्यामुळे त्याचा अर्थ लागत नव्हता, तो आता लागू पाहत होता.

"ह्या एका बदलामुळेच तुम्ही वाचलात, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण आमच्या अभ्यासात आणखी थोडी माणसं अशीच भरल्या डोक्याची आणि तरी खणखणीत आहेत, आणि त्यांच्यातही हा बदल आहे. त्या साक्याचा मेंदूला होणारा त्रास तो कमी करतो, असा आमचा अंदाज आहे. खात्री नाही."

"पुढे मी विसरेन का?"

"माहीत नाही."

"आणि मी?" मी मध्येच तोंड घातलं. मला ते विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

"तुमच्यात हा बदल आईकडून येणार नाही, कारण तो तिच्यातच नाही. ह्याहून जास्त मला माहीत नाही." एवढी शिकलेली बाई लागोपाठ "माहीत नाही" म्हणते आणि तरी तिच्यावरचा विश्वास वाढतो, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

मला वाटलं, मावशी आता घाबरेल, नाही तर सुटले म्हणून निश्वास तरी टाकेल. ती दोन्हीपैकी काही करेना. तिच्या चेहऱ्यावर राग होता. मावशीच्या चेहऱ्यावर राग! मी जन्मात बघितला नव्हता.

"आमच्या आई-वडलांनी असा भेदभाव कधी केला नाही," ती म्हणाली. "घरात एक सफरचंद आलं तरी सुरीनं दोन भाग. एक पेन्सिल आली तर मोडून दोन. मला नवा कोट झाला आणि हिला नाही, असं एकदाही झालं नाही. आणि ही एवढी मोठी गोष्ट मला एकटीला? तिला का नाही?"

"ते कुणी ठरवून देत नाही, मावशी. आई-वडलांकडून अर्धा अर्धा वाटा येतो, आणि कुठला अर्धा कुणाला मिळेल ते कुणाच्याच हातात नसतं."

"कळलं. एकाच ताग्यातले दोन तुकडे. एकात तो धागा आला, एकात नाही." मावशीनं पदार्थ वाटावा तसा हात पुढे केला. "मग आता अर्धं काढून देता येतं का तिला?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन. "आज नाही येत," त्या म्हणाल्या. "हा बदल नेमकं काय करतो ते समजलं, तर त्याच्यासारखं काम करणारं औषध कुणीतरी बनवू शकेल. तुमच्या बहिणीला त्याचा उपयोग होईल असं मी म्हणणार नाही. इतका वेळ आपल्याकडे नाही."

"कुणाच्या तरी बहिणीला होईल ना?" मावशीनं बाही वर सारली. "घ्या किती रक्त हवंय ते. आणि हो, घोळ तुमचा नव्हता, माझा होता. हिनं तुमच्यावर फोनवर आवाज चढवला, तिला माफ करा."

मी माफी मागितली. पुटपुटत मागितली, पण मागितली.

पण नुसत्या मावशीवर भागणार नव्हतं. आईचा खरा फोटो नसेल तर जोडी लंगडी राहत होती. आईवर जबरदस्ती करायची नाही, ती नको म्हणाली की त्या क्षणी थांबायचं, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. मावशीनं मान हलवली. घरी परतताना गाडीत ती माझ्या शेजारी बसली होती, आई मागे झोपली होती.

"ऐकलंस ना?" मावशी म्हणाली. "मी विसरेन की नाही, त्यांना माहीत नाही. म्हणून आजपासून तू शिक."

"काय शिकू?"

"हिच्याशी बोलायला."

मी तिच्याशी बोलत नव्हते का? नव्हते, हे मला पुढच्या दिवसांत कळलं. मी फक्त तिला दुरुस्त करत होते. मावशीनं मला दुकानात शेजारी बसवून शिकवलं. प्रश्न विचारायचा नाही. चूक काढायची नाही. आधी हातात काहीतरी द्यायचं, बटण, दोरा, कापडाचा तुकडा, आणि मग बोलायचं. आवाज खाली ठेवायचा. मी दोन वाक्यं धड बोलायचे आणि तिसऱ्याला माझा सूर वर जायचा. आई दचकायची. "बाई, तुमचं काम उद्या नक्की होईल," ती घाईघाईनं सांगायची.

"नवशिक्याला गाडी शिकवतेस ना? त्याच्याशी बोलतेस तशी बोल," मावशी म्हणाली.

"अगं, त्याच्यावरच तर मी सगळ्यात जास्त ओरडते."

"मग धन्य तो, जो तुझ्याकडून गाडी शिकला," मावशी म्हणाली आणि मला पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावलं. तिच्या डोक्यात काय साठलंय हे कळल्यानंतरही ही बाई तशीच होती. कात्री तशीच चालत होती, विनोद तसेच, झालर उसवणं तसंच. मी चोरून तिच्याकडे बघायचे, एखादा शब्द अडतो का, एखादं नाव हुकतं का. ते तिच्या लक्षात यायचं. "बघतेस काय, मी काय नाटक आहे?" म्हणायची. एवढं ओझं डोक्यात घेऊन माणूस इतकं हलकं वागू शकतं, हे मी तिच्यामुळे बघितलं, आणि तेव्हापासून मला तिच्या पाया पडावंसं वाटतं. पडले नाही, तिनं टप्पल मारली असती.

आईच्या फोटोतून पुढे काय निघालं, तेही आधीच सांगते. आईच्या मेंदूतला साका मावशीपेक्षा कमी निघाला. कमी! डॉक्टरबाईंनी ते दोनदा तपासून घेतलं, ह्या वेळी कवळी कुणाची तेही बघितलं. ज्या बहिणीच्या डोक्यात जास्त भरलं होतं, ती दुसरीला सांभाळत होती. त्या दोघींच्या रक्तावर अजून काम चालू आहे आणि त्यातून औषध निघेल की नाही हे मला ठाऊक नाही. पण आईचा तो फोटो निघाला कसा, ते मला सांगायचंय.

त्या सकाळी आई शहाण्यासारखी आली. औषध टोचून घेतलं, मशीनच्या फळीवर आडवीही झाली, कारण मावशीनं तिचा हात धरला होता. पण फोटो चालू असताना आत कुणी थांबायचं नव्हतं. आम्ही दोघी काचेपलीकडच्या खोलीत आलो. तिथे टेबलावर माइक होता, त्याचं बटण दाबून बोललं की आत ऐकू जायचं. फळी सरकायला लागली आणि आईचे हात उठले. ती काहीतरी धरायला बघत होती. टेक्निशियन म्हणाला, "थांबवू का?"

मावशी माइकवर वाकली. "छोटे, मी आहे गं. ट्रायल चाललीय. टाचण्या लावल्यात, हलू नकोस हां." आईचे हात खाली आले. फळी आत गेली. फक्त पाय दिसत राहिले, मोजे घातलेले, बोटं आवळून धरलेली. मावशी थोडा वेळ बोलली, बोटं सैल झाली. मग तिनं बटणावरून हात काढला आणि ती बाजूला सरकली.

"आता तू."

"मावशी, वेड लागलंय का? ती मला ओळखत नाही!"

"मला कुठे कळणार आहे, मी तिला किती दिवस पुरेन ते? आज मी शेजारी उभी आहे तोवर बोलून बघ." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण डोळे भरले होते. "बोल, बाळा. बोटं परत आवळतायत बघ."

मी बटण दाबलं. मला एवढंच सुचलं की आईच्या हातात काहीतरी द्यायला हवं, आणि मध्ये तर काच होती. मग मी तिला कोट दिला. म्हणजे शब्दांनी. लहानपणी त्या बेतायच्या टेबलाखाली बसून मी दिवसदिवस जे ऐकलं होतं, तेच सांगायला लागले. कापड करड्या रंगाचं आहे, म्हटलं, जाड, उबदार. पाठीचा भाग बेतून झालाय. खडूची खूण खांद्यावर आहे. आता बाही खांद्याला जोडायची, सावकाश, कुठे चुणी पडू द्यायची नाही. मी बोलत होते आणि स्वतःचाच आवाज मला ओळखू येत नव्हता, इतका तो खाली होता. कोट शिवत शिवत मी कॉलरपर्यंत आले.

"आता कॉलर लावून घेऊ," मी म्हटलं.

आतून आईचा आवाज आला, दबलेला पण ठाम. "अस्तर आधी."

टेक्निशियननं माझ्याकडे बघून बोट ओठांवर ठेवलं, तिला बोलतं करू नका म्हणून. मावशीनं तोंडावर हात धरला. "बरोबर, अस्तर आधी," मी म्हटलं. "तुम्ही शांत पडून राहा, मी लावते." आणि मी अस्तर लावलं, कॉलर लावली, काजं केली, एकेक बटण लावलं, आणि तरी फोटो संपेना म्हणून तसाच दुसरा कोट शिवायला घेतला. आई हलली नाही.

फळी बाहेर आली तेव्हा मी आधी आत धावले. आई उठून बसली होती, अंगावर ब्लँकेट, केस एका बाजूला चपटे झालेले. तिनं माझ्या मागून येणाऱ्या मावशीकडे बघितलं.

"ताई, किती छान बोलत होतीस गं. मला भीतीच वाटली नाही."

एखादीनं ते श्रेय घेऊन विषय संपवला असता. माझीही हरकत नव्हती. मावशीचा आवाज म्हणून माझा आवाज खपला, ह्याहून मोठं मला काय हवं होतं? पण मावशीला खोटं बोलता येत नाही.

"मी नव्हते छोटे. तुझी लेक बोलत होती."

आईनं भुवया वर केल्या आणि हसली, आपल्याला कुणी बनवतंय असं वाटून. "माझी लेक? ती कुठली एवढं गोड बोलायला! ती सारखी ओरडते." मग ती माझ्याकडे वळली. माझा हात तिनं आपल्या हातात घेतला, गिऱ्हाइकाला समजावताना घ्यायची तसा. "माझी मुलगी आहे, गाडी शिकवते. आवाज फार मोठा आहे हो तिचा. पण मनात काही नसतं. तुम्ही तिला भेटा एकदा. ओरडली तर मनाला लावून घेऊ नका."

मी ब्लँकेट तिच्या खांद्यांवर सारखं केलं.

"भेटते," मी म्हटलं.